पोस्टमनची चाल

माझी मोठी बहीण कार्टून काढते असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. साठीला टेकलेली बाई आहे, नातीची आजी आहे, आणि मुलांच्या एका मालिकेची मधली चित्रं काढण्यात तिचा जन्म गेला. पाय उचलला हे एक चित्र, पाय टेकला हे दुसरं. ही दोन चित्रं मोठे चित्रकार काढणार आणि नाव मिळवणार. मधल्या वेळात पाय हवेतून कसा जातो, ते ताईने काढायचं. खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर मान मोडून बसायची आणि पानं बोटांत धरून फरफर उलटत चाल तपासायची. जेवतानाही तिची बोटं तशीच हलत. आई म्हणायची, "जेव आधी. ताटातलं काही उडून जात नाहीये."

सुरुवातीला त्या मालिकेचा अवतार बघवत नसे. नायिकेचे डोळे दर भागात लहानमोठे व्हायचे, बाजारातली माणसं खांबासारखी उभी असायची. सगळा काटकसरीचा मामला! एकदा काढलेली चाल प्रत्येक भागात पुन्हा वापरायची. भागाच्या शेवटी एक पोस्टमन उतारावरून यायचा आणि वळणावर दिसेनासा व्हायचा. असल्या किरकोळ माणसासाठी कोण हात झिजवणार? तो अख्खाच ताईच्या गळ्यात पडला.

ताईने त्याला भावजींची चाल दिली. भावजी म्हणजे तिचे यजमान. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. उजवा पाय पुढे टाकायचे, क्षणभर त्याच्यावर थांबायचे, मग डावा ओढून जवळ आणायचे. ते थांबणं दिसावं म्हणून ताई तिथे एकच चित्र जरा जास्त वेळ पडद्यावर ठेवायची. त्यासाठी बिचाऱ्यांना बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायची.

"आणखी एकदा चाला."

"अगं, मी पोस्टमन आहे की कैदी?" ते म्हणायचे, आणि पुन्हा चालायचे.

ताईची मुलगी नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा भावजी गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांचे फोटो आहेत, पण फोटोत माणूस नुसता उभा असतो. भाची रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून बाबांना उतारावरून येताना बघायची. मी ताईला बजावलं, असलं काही पोरीच्या डोक्यात भरवू नकोस. पण माझं कोण ऐकतंय! पुढे भाचीची मुलगीही त्याच पोस्टमनला आजोबा म्हणायला लागली.

मालिकेला मात्र बरे दिवस आले. कागद गेले, सगळे स्क्रीनवर काढायला लागले. नायिकेचा केस न् केस वाऱ्यावर सुटा उडायचा, डबक्यातसुद्धा ढग सरकताना दिसायचे. मी तोंडात बोट घालून बघायचे, खोटं कशाला बोलू? नव्या भागांत पोस्टमन सायकलवर आला. जुने भाग अधूनमधून लागत होते, तेवढं ताईला पुरत होतं.

मग कंपनीने जुने भागही चकाचक करायला काढले. ताई तडक मुख्य चित्रकाराकडे गेली. एके काळी तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"बाकी काय वाटेल ते करा," ती म्हणाली, "माझा पोस्टमन आहे तसा राहू दे."

"ताई, त्याला कुणी बोट लावणार नाही. माझा शब्द."

त्याने शब्द पाळला, हे मला कबूल करावंच लागेल. त्याच्या एकाही माणसाने पोस्टमनची रेघ बदलली नाही. पण सगळं झाल्यावर अख्खा भाग एका सॉफ्टवेअरमधून काढत. कुठे हालचाल अडखळली की ते ओळखायचं आणि मधली चित्रं स्वतःच भरायचं. ताईचंच काम, फक्त फटाफट. एक चित्र जास्त वेळ थांबलेलं दिसलं, की पुढची गहाळ झाली असं त्याला वाटे. ते थांबणं मुद्दाम आहे हे त्याला कोण सांगणार? आणि त्याला सांगायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

असा चकाचक केलेला पहिला भाग लागला तेव्हा आम्ही सगळ्या बसलो होतो. पोस्टमन उतारावरून आला. तुपावरून बोट फिरावं तसा आला, कुठेही न थांबता, आणि वळणावरून गेला.

नातीने टाळ्या पिटल्या. "आजी! आजोबांचा पाय बरा झाला!"

ताईने लगेच फोन लावला. मुख्य चित्रकार रडकुंडीला आला. जुने कागद जागा बदलताना रद्दीत गेले होते. मूळ फितींना बुरशी लागलेली, चकाचक भाग तयार होताच त्याही फेकून दिल्या होत्या. आमच्या घरच्या कॅसेटी कधीच्या खराब झालेल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हा. मी फोनवरच त्या माणसाला नाही नाही ते बोलले. ताईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

"आजी, आधी कसे चालायचे ते?" नातीने विचारलं.

ताई उठली. पदर खोचून भिंतीपाशी गेली आणि चालायला लागली. उजवा पाय टाकला, थांबली, डावा ओढला. मान हलवून परत भिंतीपाशी गेली. या वेळी जरा कमी थांबली. मग जरा जास्त. शेवटी खोलीच्या मधोमध उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं.

"असंच होतं ना गं?"

मी आठवून बघितलं. मला तो उतार आठवला, वळण आठवलं, भावजींचं हसणंही आठवलं. चाल आठवेना.

"हो," मी म्हणाले. "असंच."