पंचाची सही

टीव्हीवर कोर्ट लागलं की माझं डोकं आजही फिरतं. काळा कोट, हातोडा, ‘मिलॉर्ड’ सुरू झालं की मी सरळ उठते आणि बंद करून टाकते. घरातले म्हणतात, हिला झालंय तरी काय? काय झालं ते आज सांगूनच टाकते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. फैजपूरजवळच्या आमच्या गावात, आमच्या गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याच घरी. रविवारी सकाळी त्यावर एक हिंदी मालिका लागायची, परदेशातल्या कुठल्याशा जुन्या, गाजलेल्या खूनखटल्याच्या गोष्टीवरून केलेली. हवेलीतली श्रीमंत बाई विष घालून मारलेली, आरोपी तिचा पुतण्या, आणि त्याचा म्हातारा वकील असला बेरकी, की दोन प्रश्नांत समोरच्या साक्षीदाराची दांडी उडवायचा. अख्खी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसलेली. खुनी कोण, यावर पैजा. कुणी म्हणे डॉक्टर, कुणी म्हणे पुतण्याच. आणि आमच्या गावातला खुनी कोण, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं! त्याची फटफटी दिवसातून चारदा आमच्या दारावरून जायची. त्याबद्दल मात्र सगळ्यांची दातखीळ बसलेली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केळीच्या बागेचा रखवालदार मारला गेला होता. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बायकोला घेऊन आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारच्या बागाईतदाराचा मुलगा आमच्या पाळीचं पाणी स्वतःच्या बागेत वळवत होता. याने हटकलं, तर त्याने कोयता घातला. बायकोने हे डोळ्यांनी पाहिलं. पोलिसांनी दोन दिवसांत त्याला धरलं, त्याच्याच खळ्यातून कोयता काढला. तो निघाला तेव्हा समोर हजर असलेला पंच कोण? तर आमचे वडील. त्यांना सगळे नाना म्हणायचे, आम्हीसुद्धा.

कसले हजर! नाना आमच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. विहिरीत पडलेलं ढोर असो की चोरी, पंचनामा म्हटला की हवालदार आधी आमच्याकडे यायचा. चहा व्हायचा, कोरे कागद पुढे यायचे, नाना खाली सही ठोकायचे. वरचा मजकूर हवालदार सवडीने भरायचा. गावातल्या वजनदार माणसाची सही म्हणून नानांना त्याचा केवढा तोरा. आणि मलाही होता. मी तेव्हा कॉलेजात. त्या दिवशी चहा मीच आणला, पेनही मीच आणून दिलं. हे कबूल केल्याशिवाय नानांवर चिडायचा मला हक्क नाही.

जळगावच्या कोर्टात नानांची साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने विचारलं, सही कुठे केली? नाना कोर्टात खोटं बोलणारे नव्हेत. म्हणाले, ओट्यावर. कोयता निघताना पाहिला? नाही. झालं! कोयत्यावर पाणी पडलं. उरली एकट्या बायकोची साक्ष, तर झुंजुमुंजूला एवढ्या लांबून तुला दिसलंच कसं म्हणून वकिलाने तिला पार रडवलं. आरोपी सुटला, गावात त्याच्यासाठी फटाके वाजले.

नाना साक्ष देत होते तेव्हा रखवालदाराची बायको बाहेर व्हरांड्यात बसलेली. साक्षीदाराला पाळी येईपर्यंत आत बसू देत नाहीत. खरं काय झालं ते नानांनी घरी फक्त आईला सांगितलं, ते मी दाराआडून ऐकलं. गावाला मात्र सांगितलं, वकील महाबिलंदर, माझ्या तोंडून भलतंच वदवून घेतलं. तीही तेच धरून बसली. उलट नानांच्या पाया पडली, आमच्यासाठी तुम्ही जळगावपर्यंत आलात म्हणून. मी गप्प राहिले. पुढे ती आमच्याच घरी कामाला लागली. मी तिला मावशी म्हणायचे.

तर तो रविवार. मालिकेतल्या वकिलाने हवेलीतल्या मोलकरणीला पिंजऱ्यात उभं केलं होतं. ती बापडी रडत सांगतेय, मी पाहिलंय साहेब, आणि तो तिला गोल गोल फिरवतोय. खोलीत हशा. नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, वा, याला म्हणतात वकील! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी उंबऱ्याशी सूप घेऊन तूर निवडत बसली होती. ती हसत नव्हती.

तेवढ्यात हवालदार आला. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती, सातपुड्याच्या पायथ्याकडचाच एक मजूर धरला होता, पंचनामा हवा होता. त्याने कागद पुढे केले आणि तोही टीव्ही बघत बसला. नानांनी पडद्यावरची नजर न काढता पेनासाठी माझ्यापुढे हात केला. मी जागची हलले नाही. हवालदाराने स्वतःच्या खिशातलं काढून दिलं.

उंबऱ्यावरून मावशी म्हणाली, “नाना, पहिले वाची ल्या. मांगे त्या वकीलनी तुमले फसाडं ना.”

काळजीनेच म्हणाली हो ती. नाना वैतागले. “अगं, वाचायचं काय त्यात? कोरा तर आहे.”

तिच्या हातातलं सूप थांबलं. ती उठून आली. अक्षरओळख नव्हती तिला, पण कोरा कागद ओळखायला ती कशाला लागते? तिने तो उचलला, उलटा करून पाहिला.

“तवय बी कोराच व्हता का?”

नाना माझ्याकडे बघायला लागले. जसं काही उत्तर मी द्यायचं! आणि दिलंही मीच. “हो मावशी. कोराच होता. पेन मी दिलं होतं.”

मला वाटलं होतं, आता ती नानांना शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, “तुले तं वाचता येस ना, माय?”

कागद तिने चौरंगावर ठेवला आणि ती गेली. पुन्हा आमच्या दारात आली नाही. मी उठून टीव्हीचं बटण बंद केलं. खुनी कोण ते कळायचं राहिलं म्हणून गल्ली आठवडाभर माझ्यावर चिडून होती.