कानाच्या पडद्याचा गोंद

जळगावच्या कानाच्या दवाखान्यात तो चोपड्याकडचा माणूस माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर होता. त्याच्या कानाचा फाटका पडदा सांधायचा होता. सोबतीला सख्खा भाऊ होता, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद.

"भाऊ, त्याले इचारा, जेवना का?" तो मला म्हणायचा. हातभर अंतरावरून भाऊही मलाच सांगायचा, "त्याले सांगा, जेवनू."

पडद्यावरचं ठिगळ गोंदाने बसवणार हे कळल्यावर खाटेवरचा घाबरला. "गोंद? पाकिटले लावतस तो?"

आमच्या घराण्यातला पहिला बीएस्सी मीच, त्यामुळे समजावणं मला भागच होतं. डॉक्टर हा गोंद तुमच्याच रक्तातून काढणार, म्हणून धोका कमी. मात्र शिंक दाबली तर ठिगळ सरकेल, असं मी सांगितलं. ऑपरेशननंतर तो शिंकला की अख्खा वॉर्ड दचकायचा.

दीड महिन्याने तपासणीला आम्ही पुन्हा भेटलो. डॉक्टरांनी त्याचा चांगला कान बंद केला आणि भावाला मागे उभं राहून हळूच काहीतरी बोलायला सांगितलं. भावाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. शेवटी तो पुटपुटला, "बहिरा बहिराच राहना."

हा गर्रकन वळला. "बहिरा कोनले म्हनस रे?"

"गोंदाने धरलंय," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं ऐकतो कोण? विहिरीचं भांडण थांबलं होतं तिथूनच सुरू झालं होतं, आणि पहिल्यांदाच मला कुणी "त्याले सांगा" म्हणालं नाही.