राहिलं

"आमच्या मातोश्रींना प्रवासाची अतोनात आवड होती."

मोठ्या दिरांनी फोनवर हे वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा मी आईंचं कपाट आवरत होते. हातातलं चष्म्याचं घर मी इतक्या जोरात मिटलं की पलीकडून आवाज आला, "काय गं पडलं?"

"काही नाही दादा. वाचा पुढे."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन महिना होत आला होता. हॉलमध्ये त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम ठरला होता आणि तिथे वाटायच्या कार्डाचा हा मजकूर होता. तीन देश, सात शहरं, शिवाय विमानतळावरचा बॅगेसकट फोटो. ती बॅग मीच भरली होती. बाळंतिणीची औषधं, जुन्या मऊ कापडाची दुपटी आणि गरम पाण्याची पिशवी! हौसेने फिरायला निघालेलं माणूस हे सामान नेतं का?

आईंचे यजमान लवकर गेले. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी चार मुलं मार्गी लावली. आमचे हे धाकटे, ते इथेच राहिले. बाकीची तिघं नोकरीच्या मागे गावं बदलत गेली. कुणाकडे बाळ येणार, कुणाचा पाय मोडला, कुणाला बढती मिळाली म्हणून मुलांकडे बघायला माणूस नाही. बोलावणं आलं की आई शिलाई मशीनवर चादर टाकायच्या आणि निघायच्या. परत येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असायचं.

"तेवढाच तुला बदल, आई," सगळे म्हणायचे.

"बदल कसला डोंबलाचा," त्या मला हळूच म्हणायच्या, "इथे मोरी, तिथे बेसिन."

त्या दिवशी कपाटात कपड्यांच्या मापांची वही सापडली. मागच्या कोऱ्या पानांवर आईंनी प्रत्येक घराचं एक पान केलं होतं. 'डावा बर्नर फसवतो, उजवा आधी लावावा. मोठीला दूध कोमट. जिन्यातला दिवा आपोआप विझतो, घाबरू नये.' आणि तळाला एक ओळ. 'समुद्र इथून अर्ध्या तासावर. राहिला.' पुढचं पान: 'चित्रांचं संग्रहालय, बस दारातून. राहिलं.' त्यापुढचं: 'नदीत बोट फिरते म्हणे. राहिली.'

सात घरं. प्रत्येक पानाच्या तळाशी काहीतरी राहिलेलं.

मला आरडाओरडा जमत नाही. देवापुढे उभी राहिले, हात जोडले, पण तोंडातून नीट शब्द निघेना. निदान देवाशी तरी भांडण नको म्हणून मागे फिरले आणि दादांना फोन लावला.

"दादा, आवड हा शब्द काढा."

"का? विमानात बसली की किती खूश असायची ती!"

"असणारच. तेवढाच वेळ कुणीतरी चहा आयता हातात द्यायचं."

"हे बघ, लोक काय म्हणतील? आम्ही आईला राबवलं?"

"मी नाही म्हटलं. तुम्हीच म्हणालात."

मग नणंदेचा फोन. "फार पुळका आलाय तुला," ताई म्हणाल्या. "शेवटची नऊ वर्षं तर कुठे न जाता तुझ्याकडेच होती ना!"

फोन ठेवला आणि वहीचं आठवं पान उलटलं. आमचं घर. तळाला लिहिलं होतं, 'मागची टेकडी. धाकटी म्हणते, रविवारी नक्की जाऊ. राहिली.'

नऊ वर्षांचे रविवार मोजायची माझी हिंमत झाली नाही. दादांवरचा राग मात्र त्याने तसूभरही कमी झाला नाही. आता तो माझ्यावरही होता, एवढंच.

छापखाना आमच्याच गल्लीत, म्हणून प्रूफ बघायचं काम माझ्याकडे होतं. "वहिनी, शुद्धलेखन तेवढं तपासा," छापखानेवाले म्हणाले. तपासलं. 'अतोनात' बरोबर होतं. चूक त्याच्या पुढच्या शब्दात होती. मी सगळा मजकूर खोडला आणि लिहिलं: 'त्या आठ घरांत राहिल्या. अर्ध्या तासावरचा समुद्र राहिला, चित्रं राहिली, बोट राहिली, आणि धाकट्या सुनेच्या घरामागची टेकडीही राहिली.'

त्यांनी चष्मा वर केला. "राहिल्या, राहिला, राहिली... फार वेळा येतंय. एखादं बदलू?"

"नको. सगळे बरोबर आहेत."

कार्यक्रमाच्या दिवशी दादांनी दारातच कार्ड वाचलं. कान लाल झाले. "हा चावटपणा कुणाचा?"

"माझा."

"एकही वाटायचं नाही!" म्हणत त्यांनी टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि ताईंच्या हातातल्या कार्डासाठी हात पुढे केला. ताईंनी ते दिलं नाही. त्या दुसऱ्यांदा वाचत होत्या.

"अर्धा तास नाही रे," त्या म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं. खाली उतरलं की समोर बस."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

दादा गठ्ठा काखेत मारून उभे राहिले. मी पिशवीतून दुसरा गठ्ठा काढला आणि पहिल्या रांगेपासून वाटायला लागले. छापखान्यात मी दुप्पट कार्डं सांगितली होती. तेवीस वर्षं मीही या घरात राहिलेय. ओळखते मी यांना.