खाडीच्या चिखलातले धागे

बोदिल थ्योगर्सनच्या अंगाला येणारा सडक्या अंड्यांचा वास गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. लिमफ्योर्ड खाडीच्या काठचा काळा चिखल उपसून आणायचा, काचेच्या नळकांड्यांत भरायचा आणि त्यात वाढणारे जिवाणू जपायचे, हे तिचं काम. हे जिवाणू एकाला एक चिकटून केसाहून बारीक धागे होतात आणि त्या धाग्यांतून वीज वाहते. खाणी खणून धातू काढण्यापेक्षा असे धागे वाढवावेत, त्यांचे पातळ पत्रे करून ते पवनचक्क्यांची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांत घालावेत, असं तिच्या कंपनीचं स्वप्न होतं. बोदिल तर त्यापायी आयुष्य पणाला लावून बसली होती. तिच्याशी लग्न करायला निघालेला सुतार ‘गाडीच्या सीटलासुद्धा वास लागतो’ म्हणून निघून गेला, त्याचंही तिला फारसं काही वाटलं नव्हतं.

आई मात्र तिला दारातच अडवायची.

“मी जन्मभर हेरिंग माशांची आतडी काढली, बोदिल. पण घरी यायचे ती माणसासारखी.”

“आई, हा जिवंत चिखलाचा वास आहे.”

“मग त्या जिवंताला बाहेर ठेव. माझ्या सोफ्यावर कशाला?”

अडचण एकच होती, पण मुळावर येणारी. उघड्या हवेत काही तास गेले की धाग्यांमधली वीज मंदावत जायची आणि पत्रा म्हणजे नुसती वाळकी साय उरायची. वरून कसला तरी लेप देऊन हवा अडवता येईल का, हेच बोदिल आणि तिचा सहकारी फ्लेमिंग वर्षानुवर्षं बघत होते. कंपनीचा मालक येस्पर याने त्या चिखलाला कधी बोटही लावलं नव्हतं. प्रयोगशाळेत यायचा तो पांढऱ्या शर्टात, नाकाला रुमाल लावून, आणि बाहेर पाहुण्यांपुढे त्याच चिखलाचे गोडवे गायचा.

एका वसंतात सरकारी खात्यातली माणसं आणि काही जर्मन गुंतवणूकदार पाहणीला आले. लांब टेबलावर राय ब्रेड, आंबवलेली हेरिंग आणि कॉफी मांडली होती. मधोमध एक करडा पत्रा, आणि बॅटरीतून त्या पत्र्यामार्फत येणाऱ्या विजेवर भिरभिरणारा छोटा पंखा. बोदिल कॉफीची किटली घेऊन आली आणि थबकलीच. पंखा सकाळपासून चालू होता. उघड्या हवेत! तिला भरून आलं. किटली तिथेच ठेवून ती मागच्या खोलीकडे धावली.

“फ्लेमिंग! अरे, कसला लेप दिलास? मला सांगायचंस तरी!”

फ्लेमिंग हात धूत होता. त्याने मान वर केली नाही.

“लेप नाही. आत तांब्याची जाळी आहे.”

“कशाच्या आत?”

“दोन पत्र्यांच्या मध्ये. येस्पर म्हणाला, आजच्यापुरती बसव.”

“आणि तू बसवलीस.”

“बोदिल, थोडंफार सगळेच करतात. आज काम निभावू दे, मग आपण खरं करूच की.”

कोपरापर्यंत हात घालून बोदिलने किडे वळवळणारा चिखल उपसला होता, पण अशी मळमळ तिला कधी झाली नव्हती. ती तशीच बाहेर आली. येस्परच्या तोंडात हेरिंग होती, ओठाच्या कडेला मेयोनेझ लागलं होतं. त्याने बोलता बोलता बोदिलच्या खांद्यावर हात ठेवला.

“यात खाणीतला एक कण नाही! आमच्या बोदिललाच विचारा. बिचारीला नवरा नाही मिळाला, पण चिखल मिळाला!”

सगळे हसले. खांद्यावरचा हात ऊबदार होता, किंचित ओला होता. कुणीतरी अंगावर थुंकावं तसं तिला वाटलं.

“हात काढ,” ती म्हणाली.

तिने टेबलावरची पाव कापायची सुरी उचलली, पत्र्याच्या कडेत घातली आणि तो उभा फाडला. पंखा थांबला. आतली तांबडी जाळी लख्ख चमकली.

“हे खाणीतलं,” बोदिल म्हणाली.

“आमच्या बोदिलला थट्टेची फार सवय,” येस्पर हसत म्हणाला. या वेळी दुसरं कुणी हसलं नाही. सरकारी खात्यातल्या एका बाईंनी नॅपकिनची घडी घालून विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं?”

“मघाशी कळलं. धागे खरे आहेत. पण हवेत टिकत नाहीत. अजून नाही.”

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि सायकलींच्या स्टँडमागे भडाभडा ओकली.

हिवाळ्याच्या आत कंपनी बंद पडली. दुकानात फ्लेमिंगच्या बायकोने तिला रांगेतच गाठलं.

“झालं समाधान? आमच्या ताटात माती कालवून बरं वाटलं ना?”

बोदिल नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रात कामाला लागली. आईने नाक मुरडत तिला मागची शेड दिली; नळकांडी तिथे आली. येस्परचं काय व्हायचं होतं? आरहूस शहरात समुद्री शेवाळापासून बॅटऱ्यांतले पडदे बनवणारी नवी कंपनी, तोच पांढरा शर्ट, वर्तमानपत्रात फोटो. फ्लेमिंगही त्याच्याकडेच.

एका रविवारी फ्लेमिंगचा फोन आला.

“येस्पर विचारतोय, तू आमच्याकडे कामाला येशील का? त्या दिवसाचं मनात नाही ठेवलेलं त्याने.”

“त्याने नाही ठेवलेलं?”

“उलट! तो म्हणतो, तू असलीस की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील. ती घटनाच आपली जाहिरात.”

बोदिलने फोन बंद केला आणि मोरीत जाऊन थुंकली. एकदा थुंकून भागेना.

“कोण होतं गं?” आईने विचारलं.

“घाण,” बोदिल म्हणाली, आणि चिखलाचे बूट पायांत चढवून शेडकडे गेली.