अक्कांनी धुंडलेलं गाणं

इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या अक्का एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्याची कार्यक्रमांतली रेकॉर्डिंगं नुसत्या सुरुवातीवरून ओळखायच्या. नावंही त्यांनीच ठेवलेली. एकात माइकजवळ कुणीतरी खोकतं, ते 'खोकलावालं'. एकात ड्रम फार पळतात, ते 'घाईचं'. "हाई नको लावू पोरी, हाई घाईनं शे," असं त्या भाकरी थापता थापता, मागे न वळता सांगायच्या. फोनवर बघावं तर खरंच तेच असायचं.

बँकेच्या नोकरीसाठी मी जळगावला आले आणि पिंप्राळ्यात अक्कांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. अक्का पिंपळनेरकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. खाली त्या आणि त्यांचे यजमान, नाना. भुसावळजवळच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर नानांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. कळायचं सगळं, पण पाणी मागायचं असलं तरी तोंडातून नुसतं 'हं, हं' निघायचं. मग रागानं डोळ्यांत पाणी यायचं. अक्का शांतपणे एकेक वस्तू पुढे धरायच्या, नाना मान हलवेपर्यंत.

एका रविवारी मी वर ते गाणं लावलं होतं. खाली नानांनी काठी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धापा टाकत अक्का जिना चढून आल्या.

"काय लायेल व्हतं तू? खाले लई ये ते."

मी फोन घेऊन खाली गेले. नानांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि डावा हात झटकला. हे नाही. अक्कांना लगेच उमगलं. तरुणपणी नानांकडे याच गाण्याची, कुठल्याशा मैफलीत टेप केलेली कॅसेट होती. ऐकून ऐकून शेवटी ती टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. नंतर दुकानातली चांगली कॅसेट आणली, तर नानांना ती रुचेना. म्हणायचे, "हे आंघोळ करून, भांग पाडून आलेलं गाणं आहे. ते घामानं भिजलेलं होतं."

"आते आपन तेच धुंडसूत," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं, दोन दिवसांचा उत्साह. पण मी बँकेतून आले की चहा तयार असायचा आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा. जगभरच्या लोकांनी त्या एका गाण्याचे इतके कार्यक्रम इंटरनेटवर टाकून ठेवलेत, हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही एकेक लावायचो, नाना हात झटकायचे. मी कंटाळायचे, अक्का नाही. "आज नही तं नही," एवढंच म्हणून भाजीला फोडणी द्यायच्या.

उन्हाळा संपत आला होता. एका संध्याकाळी सापडलेल्या रेकॉर्डिंगला चित्रही नव्हतं, नुसता काळा पडदा आणि खरखर. गायक लोकांशी काहीतरी बोलतो, हसतो. गिटारची एक तार उतरलेली. तो खुंटी पिळतो, तार छेडून बघतो, पुन्हा पिळतो. नानांचा डावा हात वर आला, पण झटकला नाही. तसाच हवेत राहिला. गाणं सुरू झालं आणि 'पाणी' म्हणता न येणारे नाना गायकाबरोबर गाऊ लागले. पूर्ण ओळ. मग दुसरी. घोगरा, पण स्पष्ट आवाज.

अक्का गॅस बंद करून नानांसमोर जमिनीवर बसल्या. "बोलना व माय! हाऊ बोलना!" बोलले, नाना बोलले, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी. बोलणं अडतं, गाणं वाट काढतं. पण त्यातून बोलणं परत येईलच असं नाही. अक्कांनी त्यातला 'वाट' हा शब्द तेवढा उचलला. दुसऱ्या दिवसापासून नानांचा हात हातात घेऊन, तळव्यावर ठेका धरून, त्या गाण्याच्या संथ सुरुवातीच्या चालीवर त्या आपलेच शब्द गाऊ लागल्या. "पानी दे... चहा दे... दिवा लाव..." चाल जराही चुकत नसे. कित्येक दिवस नाना इंग्रजीच गायचे. अक्का हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. कुणी हे त्यांना शिकवलं नव्हतं. मी दारात उभी राहून नुसती बघायचे, मला आत जायचा धीर होत नसे.

श्रावणात एकदा सकाळी जिन्यावरून उतरताना मी ऐकलं: "चहा दे." सुरात, घोगऱ्या आवाजात. आणि स्वयंपाकघरातून, त्याच चालीवर, उत्तर: "उकळी ऱ्हायना..." चहा उकळत होता.

पुढं माझी धुळ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात ठेवून मी दोघांच्या पाया पडले. बँकेतल्या मैत्रिणीकडे निरोपाचं जेवण झालेलंच होतं. उंबरठ्याशी पोचले तेव्हा मागून नानांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवली, श्वास घेतला आणि गायलं, "जेवीसन जाय..."

हे शब्द अक्कांनी कधी घोकून घेतले नव्हते. त्या लगबगीनं पान मांडायला वळल्या.

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, चपला काढल्या आणि पानावर बसले.