कूलरच्या खोलीतले जोड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एका मे महिन्यात, नागपूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात माझ्या सहकाऱ्याचे सगळे जोड त्याच्या गणितापेक्षा बऱ्याच कमी भारावर तुटले. मला बरे वाटले.

आम्ही दोघे एकाच सरांकडे संशोधन करत होतो. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांची टोके एकमेकांवर ठेवून इपॉक्सीने चिकटवायची आणि ओढल्यावर जोड किती भाराला तुटेल ते आधी गणिताने सांगायचे, हा विषय. माझ्या मांडणीत ताण सगळीकडे सारखा होता. तो म्हणे, ताण जोडाच्या कडांना साठतो, तडा तिथूनच सुरू होतो. बंगळूरच्या एका संस्थेत जागा निघाली होती. सरांना एकच नाव कळवायचे होते.

तो काटोलच्या संत्रा बागाइतदाराचा मुलगा. सर त्याला नावाने हाक मारत, मला आडनावाने. पट्ट्या आम्ही आपापल्या खोलीतच चिकटवत असू. कूलरची खोली त्याला मिळाली होती. माझ्या खोलीत पंखा होता आणि तो गरम हवा फिरवी. त्याच्या दारावरून जाताना ओल्या वाळ्याचा वास येई, तेव्हा मी पावले उचलून चालत असे.

तुटलेले जोड घेऊन तो माझ्याकडे आला.

"काय गा, कुठं गेलं तुहं गणित?" मी विचारले.

"हसून घे. तुह्या पट्ट्या दाखव आधी."

माझे जोड आदल्या दिवशी तोडून झाले होते. त्याने एक उजेडात धरला. इपॉक्सीचा थर मधून फाटून दोन्ही पट्ट्यांवर राहिला होता. त्याच्या जोडांत तो एकाच पट्टीवर होता, दुसरी कोरी सुटली होती.

"माह्या खोलीत दमट हवा पट्ट्यांवर बसून राहिली होती," तो म्हणाला. "कूलरनं घात केला. इपॉक्सी धरलंच नाही."

"मंग बदल खोली. मी जातो तिकडं."

"खोली राहू दे. तुहे आकडे दे मले."

आकडे टेबलावरच होते. संध्याकाळपर्यंत त्याने माझ्या जोडांची मापे आपल्या गणितात घातली. ते जोड ज्या भारांना तुटले होते, जवळजवळ तेच भार त्याच्या गणितातून निघाले. माझ्या गणितातून निघाले नव्हते.

सरांनी माझ्या पट्ट्या निरखून पाहिल्या. "जोड उत्तम केलेत तुम्ही," ते मला म्हणाले आणि त्याचे कागद उचलले.

त्याच आठवड्यात त्यांनी बंगळूरला त्याचे नाव कळवले.