कार्डावर किसनचं नाव नव्हतं

“बाई, ह्ये पैसं धाडा बिगीबिगी. माज्या किसनाचं पार्सल आडाकलंय.”

हौसाबाईंनी पदराची गाठ सोडून नोटा काउंटरवर ठेवल्या. शेळी विकून आणलेल्या. मी तेव्हा माण तालुक्यातल्या एका छोट्या पोस्टात क्लार्क होते. सांगलीहून बदली होऊन आलेली, त्यामुळे आधीच तापलेली. नव्वदनंतरची गोष्ट. हौसाबाईंचा किसन मुंबईत कामाला होता आणि दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं.

त्यांनी दिलेलं कार्ड मी वाचलं. छापील मजकूर. ‘आपल्या नावे मौल्यवान पार्सल आले आहे. सोडवणुकीचा खर्च मनीऑर्डरने पाठवा. आठ दिवसांत न पाठवल्यास पार्सल परत जाईल.’ खाली मुंबईचा नुसता पोस्ट बॉक्स नंबर.

“यात किसन कुठंय?”

“आसंल की. सखारामानं वाचून दावलंय.”

सखाराम आमचा पोस्टमन. गावोगाव पत्रं टाकायचा आणि वाचूनही दाखवायचा. त्याला हाक मारली.

“कार्डावर किसनचं नाव आहे का रे?”

त्यानं कार्ड उलटंपालटं केलं. “न्हाई बाई. मुंबईचा शिक्का बगितला. म्हनलं, पोराबिगर कोन धाडनार?”

झालं! भामट्यानं जागा मोकळी सोडली होती, ती आमच्या माणसानं मायेपोटी भरली. आणि पोस्टमननं वाचलेलं गावात कोण खोटं मानणार?

मी हौसाबाईंना समजावलं. पार्सल खरंच आलं, तर आपल्याच पोस्टाची चिठ्ठी येते, आपला शिक्का आणि पार्सलचा नंबर असलेली. व्हीपी असेल, म्हणजे पैसे भरून सोडवायचं पार्सल असेल, तरी पैसे याच खिडकीत भरायचे, पार्सल समोर असताना.

त्या भडकल्या. “म्हंजे माज्या पोरानं कायच धाडलं न्हाई म्हनता? तुमी नगा भरू फारम. दुसरा भरंल!”

आवाज ऐकून पोस्टमास्तर आले. “मॅडम, मनीऑर्डर नाकारता येत नाही. आपलं काम बुकिंगचं.”

“बुकिंग करते की साहेब. पण फॉर्म भरून देणं माझ्या ड्यूटीत नाही. भरलेला फॉर्म द्या, लगेच पावती फाडते.”

“मग मी भरतो.”

“भरा. पैसे बुडाले की हौसाबाईंना तुमच्याकडेच पाठवीन.”

त्यांनी पेन उघडलं, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन खिशाला लावलं. जाताना मात्र म्हणाले, “याचं एक्सप्लनेशन लेखी द्या.” दिलं. एका ओळीत. ‘पार्सलचा नंबर मिळाल्यावर फॉर्म भरून देईन.’

मग हौसाबाईंच्या वतीनं मी किसनच्या पत्त्यावर पत्र लिहिलं: पार्सल केलं असशील तर पावतीचा नंबर कळव. त्या रागानं नोटा परत पदरात बांधून निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यायची नव्हती.

आठवड्यानं उत्तर आलं, किसनच्या खोलीतल्या सोबत्याचं. सखारामानं पोस्टातच हौसाबाईंना वाचून दाखवलं, या वेळी अक्षर न् अक्षर, पदरचं काही न घालता. ‘पार्सल केलेले नाही. किसन काविळीने अंथरुणावर आहे. घरी कळवू नको म्हणाला होता.’

 हौसाबाईंनी पदराची गाठ चाचपली. “मुंबईची यष्टी कवा हाय रं सखाराम?”

शेळीच्या पैशांतून त्यांनी जाऊन पोराला घरी आणलं. बरा झाल्यावर तो स्वतः खिडकीशी येऊन पाया पडला. मी त्याला आधी झापलं, मग चहा पाजला. सखाराम पुढं कितीतरी दिवस आठवडी बाजारात ते कार्ड मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि विचारायचा, “ह्यात कुनाचं नाव हाय का सांगा!”

परवा माझ्या सुनेच्या मोबाईलवर मेसेज आला. ‘आपले पार्सल अडकले आहे. आजच लिंकवर पैसे भरा.’

“मागच्या आठवड्यात कुर्ता मागवलाय ना आई, तोच असेल,” ती म्हणाली.

“कुर्ता असं लिहिलंय का त्यात?”

तिनं पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं.